सुकलालदाजींचं बिनझोल शीड

...हसा, हसा, मोकळं हसून घ्या. आमच्या सुरतेच्या डिंडोलीत सगळ्यांचं हसून झालंय, तिकडे गोडादऱ्यापर्यंत हसून झालंय, तुमचाच नंबर राहिला होता. पण मला एक सांगा, माणसाने रिटायर झाल्यावर काय घ्यावं याचा काही कायदा आहे का? कोणी गावाकडे दोन खोल्या बांधतो, कोणी जावयाला मोटरसायकल घेऊन देतो, आमच्या गल्लीत एकाने मसाज करणारी खुर्ची आणली, तिच्यावर आता पापड वाळतात, त्याला कोणी हसलं? नाही हसलं. आणि आमच्या सुकलालदाजींनी शिडाची बोट घेतली तर अख्खी सोसायटी पोट धरून... हो, बोटच म्हणालो मी. पाण्यातली. सोळा फूट लांब, वर एक काठी, काठीला शीड, आणि खाली दोन चाकांचा ट्रेलर, म्हणजे गाडीला जोडून कुठेही न्या. जुनी. वापरलेली. तुम्हाला सांगतो, नवी घेतली असती तर लोक कमी हसले असते.

मी गोपाल. दाजींचा शालक, म्हणजे त्यांची बायको उषाताई, तिचा धाकटा भाऊ, आणि माझा सगळ्यात मोठा गुन्हा हा की माझ्याकडे छोटा हत्ती आहे. टेम्पो हो, टेम्पो! लूमच्या खात्यातून, म्हणजे कारखान्यातून, कापडाचे ताके उचलायचे आणि रिंग रोडला मार्केटमध्ये टाकायचे, हा माझा धंदा. आता ज्याच्या शालकाकडे टेम्पो असतो ना, तो माणूस काहीही विकत घेऊ शकतो. घरी आणायचं कसं, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

पण दाजी काय चीज आहे ते आधी ऐका, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यावरून जाईल. शिंदखेड्याहून गाडीत बसून सुरतेला उतरले ते विसाव्या वर्षी, आणि तिथून एकतीस वर्षं एकाच खात्यात कापड तपासत बसले. चेकिंग मास्तर. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकतंय आणि दाजींची नजर कापडात. तुटका धागा, तेलाचा डाग, सगळं पकडायचे, पण त्यांचा खरा वैरी एकच... झोल! कापड टेबलावर कसं सपाट बसलं पाहिजे, आणि कुठे ते ढिलं पडून फुगलं, पोट आलं, की तो झोल. दाजी त्याच्यावर खडूने फुली मारणार आणि ताका परत. कारागीर बिचारा हात जोडून उभा, मास्तर एवढासाच तर आहे, इस्त्रीत निघेल... दाजी मान वर न करता म्हणणार, "कापडातलं माले सांगू नको." संपलं. देवाने येऊन सांगितलं असतं तरी फुली पुसली नसती.

अहो, माझ्या लग्नात! अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, लोकांच्या मुठीत अक्षता, आणि दाजी पुढे झाले, अंतरपाटाला दोन बोटं लावली आणि भटजींना म्हणाले, यात झोल आहे. भटजी थांबले. नवरी तिकडे, मी इकडे, मध्ये झोल. तिकडच्या मंडळींना वाटलं, मुलाकडच्यांना काहीतरी कळलंय. माझे सासरे अजून मला कधी कधी विचारतात, तेव्हा नक्की काय झोल होता हो? काय सांगू त्यांना?

तर असा माणूस. मग ते खातं बंद झालं. शेठच्या मुलांनी दुसरीकडे नवीन मशिनं टाकली आणि इकडचे जुने लूम भंगारात काढले. आता जुनं आहे ते जाणारच, त्यात काय, पण दाजी त्या दिवशी तिथे उभे होते. सकाळपर्यंत चालू असलेले लूम, हात लावला तर अजून कोमट, ते उचलून काट्यावर ठेवले आणि किलोच्या भावाने गेले. दाजी घरी आले, जेवले नाहीत, ओट्यावर बसून रडले. स्वतःच्या वडिलांच्या मयतीला न रडलेला माणूस! आणि रडताना एकच सांगत होते मला, "चालू वस्तू, गोपाल. चालू वस्तू वजनवर दिन्ही." मी आपला पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी दाजी हजीऱ्याला गेले. कुठल्यातरी कंपनीत वॉचमनची जागा होती, ती बघायला. वॉचमनची जागा नाही मिळाली. पण परत येताना एका साहेबाच्या बंगल्यासमोर त्यांना दिसला भंगारवाला. एका हातात करवत, दुसऱ्या हातात लोंबता काटा, आणि समोर गवतात ती बोट. साहेबाची बदली झालेली, सामान ट्रकात चढलेलं, बोट तेवढी उरलेली. भंगारवाला म्हणत होता, तुकडे करून नेतो, काठीचं ॲल्युमिनियम वेगळं, बाकीचं वेगळं. दाजी थांबले. त्यांनी साहेबाला एकच विचारलं, ही चालते का? साहेब म्हणाले, चालायची हो, पण चार वर्षांत मला वेळच झाला नाही. मग वजनावर का देता? असं दाजींनी विचारलं म्हणे. दाजींनी किती दिले ते मला विचारू नका, ताईला सांगितलेला आकडा वेगळा आहे आणि मला सांगितलेला वेगळा.

आणि मला फोन! "गोपाल, टेम्पो लई ये हजीऱ्याला, थोडं सामान शे." थोडं सामान! मी तिथे पोचलो तर हे शीडबिड पांघरून बोटीत बसलेत, भंगारवाला पुन्हा करवत घेऊन येईल या धाकाने. ट्रेलरचे टायर जमिनीला चिकटलेले, हूक गंजलेला. वेल्डर शोधा, टायर शोधा, माझ्या हत्तीला मागे हूक मारून घ्या... आणि मग हजीऱ्यापासून डिंडोलीपर्यंत बैलगाडीच्या वेगाने, मागे बोट, बोटीत दाजी, आणि बाजूने जाणारा प्रत्येक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवून विचारणार, क्यां जाव छो काका, दुबई? दाजी ताठ. एकाकडेही बघितलं नाही.

सोसायटीत शिरलो तर गेटवर भाईदास. हा आमचा चेअरमन. आणि चेअरमन व्हायच्या आधी बावीस वर्षं त्याच खात्यात लूम चालवायचा, आणि त्याचे किती ताके दाजींनी फुली मारून परत पाठवले असतील याचा हिशोब त्याला ताक्या-ताक्याने पाठ. त्याने विचारलं, हे काय आहे? दाजी म्हणाले, नाव आहे. भाईदास म्हणाला, नाव असेल काहीतरी, पण आहे काय? दाजी म्हणाले, तेच सांगतोय, नाव आहे. पाच मिनिटं चाललं हे. तुम्हाला सांगतो, मराठीत होडीला आणि नावाला एकच शब्द ठेवणाऱ्याला मी त्या दिवशी मनातून फार बोललो.

बोट ठेवली कुठे? कॉमन प्लॉटमध्ये, कडुलिंबाखाली. आता हा लिंब साधा नाही. आमच्या सोसायटीत नव्वद टक्के खानदेशी, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की माहेरवाशिणी येणार, आणि त्याच लिंबाला झोके बांधणार, दुसरं झाडच नाही. म्हणजे भाईदासला कारण आयतं मिळालं. मीटिंग बोलावली. बायका म्हणाल्या, झोक्याला जागा पाहिजे. बरोबर आहे त्यांचं. भाईदास म्हणाला, हे भंगार आहे, भंगारात द्या. आणि हा शब्द ऐकला मात्र... दाजी उभे राहिले. म्हणाले, लिहा. आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत ही बोट नदीत शिडावर चालली, इंजिन नाही, वल्हं नाही, नुसत्या शिडावर, तर तिला प्लॉटच्या त्या मागच्या कोपऱ्यात कायमची जागा द्यायची. आणि नाही चालली तर मी स्वतः काट्यावर नेऊन ठेवतो. भाईदासने स्वतःच्या हाताने ठराव लिहिला, खाली दोघांच्या सह्या. मी दाजींचा शर्ट ओढत होतो मागून. ओढून काय होतंय?

दीड महिना हातात. लागले कामाला. आता यांना बोटीतलं काय येतं? काही नाही! शिंदखेड्याच्या विहिरीत पोहलेला माणूस! पण बोट उलटी करून बघितली तर तळाला हातभर भेग, आणि ती बुजवायची कशाने? तर फायबरने. आणि फायबर म्हणजे काय, तर पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडून दाजी घेऊन आले काचेचं कापड. कापड! झालं. त्या दिवसापासून यांना साक्षात्कार झाला की बोट म्हणजे मुळात कापडच आहे, खालून काचेचं, वरून शिडाचं, आणि कापडातलं... बरोबर, तेच वाक्य. केमिकल लावून थरावर थर असे बसवले की टाकीवाला स्वतः येऊन हात फिरवून गेला. मग काठी उभी करायची ट्रायल. काठी वीस फूट, ती वर जाताना भाईदासच्या घराची टीव्हीची केबल घेऊन वर गेली. आत मॅच चालू होती, शेवटची ओव्हर. त्या वेळी भाईदासने जे शब्द वापरले ते ठरावाच्या वहीत नाहीत.

आणि मग शीड. खरी गोष्ट इथे आहे, नीट ऐका. साहेबाचं जुनं शीड उंदरांनी खाल्लेलं, नवीन शिवणं आलं. दाजींनी जुनं शीड प्लॉटमध्ये पसरलं, चारी बाजूंनी विटा ठेवल्या, वाकून बघितलं... आणि त्यांचा चेहरा बदलला. शीड सपाट बसेना! इकडून ओढलं तर तिकडे फुगतंय, तिकडून दाबलं तर मध्ये पोट येतंय. दाजी उठले, चष्मा काढला, आणि मला म्हणाले, साहेबाला फसवलं रे कोणीतरी. परदेशी कापड आणि त्यात एवढा झोल! ताई तिथेच गहू निवडत होती. ती म्हणाली, मुद्दाम ठेवला असेल. आता माझी ताई घरात बसून ब्लाउज शिवते, अर्ध्या डिंडोलीचे ब्लाउज तिच्या मशिनवरून जातात, पण हे ऐकणार आहेत का? "कापडातलं माले सांगू नको." ताई उठली. जुनं शीड तिने उचललं आणि गहू वाळवायला गच्चीवर नेलं.

मग यांनी कापड आणलं. कसं आणलं विचारा, मार्केटमधल्या अकरा दुकानांत मला फिरवलं, कापड उजेडात धरून, कानाजवळ फाडून, जिभेला लावून... जिभेला का, ते मला आजही माहीत नाही. पॉलिस्टर, घट्ट विणीचं, कडक, पाणी टाकलं तर वरून पळेल असं. ते कापलं, जोडलं, दुहेरी शिवण मारली, कडेने दोरी, कोपऱ्याला पितळी कड्या. आणि ते पसरलं प्लॉटमध्ये. तुम्हाला सांगतो, असं कापड मी एवढी वर्षं ताके वाहतोय तरी नाही बघितलं, फरशीवर फरशी ठेवावी तसं, कुठे सुरकुती नाही, एका कोपऱ्यावर गोटी ठेवली असती तर तिथेच राहिली असती. दाजींनी घरातून जुना खात्याचा शिक्का आणला, पास, चेकर नंबर चार, आणि शिडाच्या खालच्या कोपऱ्यात मारला. रिटायर झाल्यावर शिक्का परत करायचा असतो. नव्हता केला.

नदीवर गेलो. सुरतेच्या वर, धरणाच्या पाळीमागे तापी पसरून संथ होते तिथे एक गाव आहे, नाव सांगत नाही, तिथे परत जायचं असतं. सकाळची वेळ, काठावर आमची अर्धी सोसायटी, टिफिन बांधून आलेली. भाईदास मोबाइल उभा धरून. दाजींनी अंगात बोटीबरोबर आलेलं केशरी लाइफ जॅकेट घातलं, ताईने नारळ फोडला, बोट पाण्यात ढकलली. तरंगली! तळाला थेंब नाही! मी ओरडलो. मग दाजींनी शीड वर ओढलं. आणि...

आणि काही नाही. वारा आला, शिडाला लागला, घसरला, गेला. पुन्हा आला, पुन्हा घसरला. शीड दारासारखं इकडून तिकडे, तिकडून इकडे, धाड धाड, आणि बोट जागच्या जागी गोल फिरतेय. दाजी एकदा आमच्याकडे तोंड करून, एकदा आमच्याकडे पाठ करून. अर्धा तास! काठावर लोक हसून हसून बसले खाली. भाईदास मोबाइलवर बोलून व्हिडिओ काढतोय, बघा मित्रांनो, चेकर नंबर चार. मला इतका राग आला, दाजींचा नाही, त्या हसणाऱ्यांचा, की मी टिफिनचा डबा पाण्यात भिरकावला. माझाच होता.

तिथे एक म्हातारा नावाडी होता, गुजराती, जाळं शिवत बसलेला. दोरी टाकून त्यानेच ओढून आणलं दाजींना काठाला. शिडाला हात लावला, या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं, आणि फार प्रेमाने म्हणाला, "कापड तो एक नंबर छे, काका. पण आनुं पेट क्यां छे?"

पेट! म्हणजे पोट! दाजींना कळेना. म्हाताऱ्याने हाताची ओंजळ करून दाखवली, वारा भरायला असं पोट लागतं, सपाट कापडावर वारा थांबत नाही, आणि वारा निघायचा तो दुपारनंतर, आता कशाला आलात. दाजी काय म्हणाले असतील? सांगा. कोणाला? नदीवर साठ वर्षं काढलेल्या माणसाला! "कापडातलं माले..." पण मग ते तिथेच अडकले. शीड गुंडाळलं आणि टेम्पोत जाऊन बसले.

चार दिवस माणूस प्लॉटकडे फिरकला नाही. आखाजीला आठ दिवस उरले. मी म्हणालो, दाजी, घालू ना थोडं पोट, मध्ये ढिलं सोडून शिवू. माझ्याकडे असं बघितलं, मी जसा काही त्यांना पाकीट मारायला सांगतोय. बरोबरच आहे हो. ज्या माणसाने एकतीस वर्षं झोल दिसला की फुली मारली, लोकांचे ताके परत पाठवले, शिव्या खाल्ल्या, त्याला तुम्ही सांगताय आता स्वतःच्या हाताने झोल शीव? मग त्या सगळ्या फुल्या काय होत्या? मला म्हणाले, कधी नाही ते हळू आवाजात, की गोपाल, काट्यावर नेऊ तिला. मी खोटं नाही शिवणार. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला बोटीचं काही नव्हतं, पण दाजी स्वतःच्या तोंडाने वजनाचं बोलले ना, तेव्हा मी टेम्पोची किल्ली खिशात खोल ढकलली.

ताई आत मशिनवर होती. तिचं पायडल थांबलं. बाहेर आली, एका हातात गच्चीवरचं ते जुनं उंदरांनी खाल्लेलं शीड, गव्हाचे दाणे पडताहेत त्यातून, आणि दुसऱ्या हातात कोणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाउज. दोन्ही दाजींच्या पुढ्यात टाकली. म्हणाली, जोड बघा. ही शिवण सरळ नाही, कडा कमानीत कापून मग जोडल्यात, आणि या ब्लाउजचीही तशीच आहे. झोल नाही हा. प्रिन्सेस कट आहे.

दाजी बघत राहिले. आणि मग ताई म्हणाली, आवाज चढवला नाही बरं का, मशिनवर बसणाऱ्या बाईला आवाज चढवायला वेळ नसतो... लेकीच्या नावाने हाक मारून म्हणाली, "धनश्रीना पप्पा, तुम्ही आखी जिंदगी कपडा पाह्या. आंग कधी पाह्यं नही."

झालं. मी गव्हाचे दाणे वेचायला लागलो, दुसरं करणार काय! कारण खरं होतं ते. दाजींच्या टेबलावरून कापड सपाट यायचं, सपाट जायचं, पुढे ते कोणाच्या अंगावर जातं, दंडात बसतं की छातीवर ताणतं, हे त्यांनी कुठे बघितलं? ते सगळं ताईकडे. सपाट कापड घ्यायचं आणि त्यात टक्स टाकून माणूस मावेल अशी जागा करायची, हेच तर ती करत आलीय, शेजारच्या खोलीत, आणि यांनी कधी विचारलं नाही. दाजींनी तो ब्लाउज उचलला, उजेडाकडे धरला, शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. म्हणाले, सफाई आहे. एवढंच! अहो पण ताईचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. लग्नात मंगळसूत्र घातलं तेव्हाही अशी लाजली नसेल.

मग चार दिवस आमच्या घरी ब्लाउज बंद. नव्या शिडाचे पट्टे उसवले. ताई खडूने कमानी आखतेय, दाजी कात्री चालवताहेत, आणि मजा सांगू? ताई यांना म्हणायची, इथे अर्धा इंच जास्त गेला, उसवा. हे म्हणायचे, एवढासाच आहे, इस्त्रीत निघेल. तेव्हा ताई वर न बघता एक वाक्य म्हणायची. ओळखलंत ना? बरोब्बर. अगदी त्याच आवाजात.

आखाजीचा आदला दिवस, दुपारी तीन. ऊन भाजतंय, आणि समुद्राकडून वारा सुटलेला, झाडं सगळी एका दिशेला. काठावर या वेळी अख्खी सोसायटी, दाजींची बोट उद्या काट्यावर जाणार हे बघायला, भाईदासने तर भंगारवाल्याला फोनसुद्धा करून ठेवलेला. बोट पाण्यात गेली आणि ताई पदर खोचून केशरी जॅकेट घालून आत चढली. मी म्हणालो, ताई, तुला पोहता येत नाही! ती म्हणाली, शिवण माझी आहे, मी बसणार. दाजींनी मला डोळ्याने गप्प केलं आणि शीड वर ओढलं.

फट्ट! असा आवाज आला. एकदाच. आणि शीड भरलं. सांगतो काय, नवव्या महिन्यातल्या बाईसारखं भरलं, गोल, ताठ, आणि बोट अशी निघाली, अशी निघाली, की दाजी मागे बसलेच धपकन. पाण्यावर रेघ उठली मागे. काठावर एक माणूस हसला नाही. त्या नावाडी म्हाताऱ्याने जाळं खाली ठेवलं. मी पळतोय काठाने, चप्पल गेली एक, आणि रडतोय, होय, रडलो मी, लाज कसली! वजनावर जाणारी वस्तू ती, आणि कशी चालली होती बघा. भाईदास म्हणे, वाऱ्याने चालली ती, यात काय मोठं. अरे शिडाची बोट वाऱ्याने नाही तर काय गॅसवर चालणार?

चालली, चालली, वळणापलीकडे गेली. पहिल्यांदा टाळ्या. मग लोक वाट बघायला लागले. चार वाजले. साडेचार वाजले. बायकांनी टिफिन उघडले, खाल्ले, बंद केले. भाईदासने मला विचारलं, परत कधी येणार? आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली... परत? परत यायचं कसं, हे शिकलं कोण होतं? वारा समुद्राकडून येतो आणि गावाकडे जातो, तो काय यांना सोडायला मागे येणार आहे?

सव्वापाचला फोन आला, ताईचा. मी फोन स्पीकरवर टाकला. ताई खुशीत. म्हणाली, आम्ही पोचलो. मी म्हणालो, कुठे? म्हणाली, माहीत नाही, केळीची बाग आहे, मालकाने चहा ठेवलाय. भाईदासने संधी सोडली नाही, फोनात तोंड घालून म्हणाला, मास्तर, चालणं म्हणजे जाऊन येणं, नुसतं जाणं म्हणजे वाहून जाणं, उद्या काटा मागवतो. तिकडून दाजींचा आवाज आला, शांत, आणि काय सांगू, तीस वर्षांनी लहान. "भाईदास, ठराव काढ. चालनी पाहिजे, असं लिखेल शे. परत उनी पाहिजे, हाई कोठे लिखेल शे?" भाईदासने खिशातून मोबाइल काढला, वहीचा फोटो मोठा करून वाचला, पुन्हा वाचला. अक्षर त्याचंच होतं.

तर बोट आता प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात आहे, कायमची, ठरावाने, आणि लिंबाला झोके बांधले गेले, माहेरवाशिणी झुलल्या, सगळं छान. म्हणजे सगळ्यांचं छान. दर रविवारी दुपारी तीनला ताई आणि दाजी नदीवर. म्हातारा नावाडी म्हणाला होता की वाऱ्याविरुद्ध नागमोडी यायला शिकवतो, दहा मिनिटांचं काम आहे. दाजींना वेळ नाही. शिकायची गरजच काय म्हणतात, गोपाल आहे ना! आता रविवारी सुरतेतला माणूस काय करतो? बायको-पोरांना घेऊन डुमसला समुद्रावर जातो, भजी खातो. आणि मी? मी टेम्पोला रिकामा ट्रेलर लावून तापीच्या काठाकाठाने, एकेका गावात थांबतो, काच खाली करतो आणि दिसेल त्या माणसाला विचारतो, काका, इथून एक नवरा-बायको गेले का हो... वाऱ्याने?